चैत्रपालवी आणि शेजारधर्म

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला चार शब्द बोलायला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. तेव्हा पांडित्य माझ्यापाशी नाही. घरात आणि शेजारात जे पाहते तेच सांगते.

हे चैत्राचे दिवस आहेत. करंजाच्या झाडाखाली परवापर्यंत वाळल्या पानांचा सडा पडत होता. आज तेच झाड कोवळ्या पालवीने झळाळते आहे. आपण पाडव्याला गुढी उभारली. आम्हां ख्रिस्ती लोकांचा पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, बहुधा याच सुमारास येतो. त्याआधी चाळीस दिवस आम्ही उपवासाचे पाळतो. प्रभू येशू मरणातून उठला, तसे आपलेही मन जुने टाकून नवे व्हावे, हा त्याचा अर्थ. पण मन नवे झाले हे ओळखावे कशावरून? नव्या साडीवरून खास नव्हे. झाडाला पालवी फुटली की तिची सावली वाटसरूला मिळते. माणसाचेही तसेच असावे.

या ठिकाणी पंडिता रमाबाईंची आठवण होते. त्यांचा जन्म १८५८ सालचा. लहानपणी दुष्काळात वणवण फिरताना आईवडील आणि बहीण गेली. पुढे लग्न झाले, आणि दोनच वर्षांत, १८८२ साली, पतीही गेले. पदरी तान्ही मुलगी. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत येऊन १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढे अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे.

१८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला. भूक काय असते हे रमाबाईंना ठाऊक होते. त्या स्वतः जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. पुणे-दौंड रेल्वेवरील केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. १९०० सालापर्यंत तिथे दीड हजारांवर माणसे होती. त्यांना नुसते जेवू घातले नाही. शेती, विणकाम, छापखान्याचे काम शिकवून पायांवर उभे केले. आंधळ्या मुलींनाही वाचायला शिकवले. ५ एप्रिल १९२२ रोजी, ऐन चैत्रात, रमाबाई वारल्या. केडगावचे काम मात्र आजही चालू आहे. आपण वाचलो ते दुसऱ्याला वाचवण्यासाठी, एवढाच त्यांच्या श्रद्धेचा अर्थ मला कळला.

आता आपल्या आंबिवलीकडे वळू. आपल्यापैकी प्रत्येकीला केडगाव उभारता येणार नाही. पहाटेची लोकल, डबे, पाणी, मुलांच्या शाळा यांतच दिवस सरतो. पण दोन घरांपलीकडे कोण आजारी आहे, हे तर विचारता येते!

एक गोष्ट मनात आहे ती बोलते. राग मानू नये. चैत्राच्या हळदीकुंकवाला तुम्ही मला ख्रिस्ती असूनही अगत्याने बोलावता. कैरीची डाळ आणि पन्हे मी आनंदाने घेते. परंतु ज्या बाईचा नवरा गेला, तिला त्याच दिवशी घरी बसावे लागते. कालपर्यंत तीच आपल्याबरोबर हरभरे भिजवीत होती. तिच्या दारावरून आपण हसतखिदळत जातो, तेव्हा तिला काय वाटत असेल? कुंकू लावणे न लावणे हा ज्या त्या घरचा प्रश्न. पण पन्ह्याचा पेला आणि बसायला जागा देण्यास कोणता धर्म आड येतो?

म्हणून माझी विनंती अशी, की यंदाच्या समारंभाला सगळ्या शेजारणींना बोलवावे. तसेच एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची घरे आपसांत वाटून घ्यावी. आठवड्यातून एकदा कुणी रेशन आणून द्यावे, कुणी दवाखान्यात सोबत जावे. पैसा लागत नाही. थोडा वेळ लागतो.

आम्ही याला प्रभूची सेवा म्हणतो, तुम्ही शेजारधर्म म्हणा. काम एकच आहे. मंडळाला पुढील वर्षी अशीच नवी पालवी फुटो, एवढे बोलून मी आपली रजा घेते.