मदत बंद झाली, हक्क बंद झाला नाही
(कोल्हापूर इथल्या वनहक्क मेळाव्यात एका तरुण कार्यकर्त्यानं केलेलं भाषण)

शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, चंदगडच्या वाड्यावस्त्यांवरून पावसापाण्यातून आलेल्या मावश्यांनो, काकांनो, भावांनो,

मला आज अमेरिकेच्या मदतीवर बोलायला सांगितलंय. तुम्ही म्हणाल, आपले दावे प्रांताच्या ऑफिसात पडून आहेत आणि हा अमेरिकेचं काय घेऊन बसला. पण ऐका.

गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीतल्या एका मामाला घेऊन मी टीबीच्या गोळ्या आणायला गेलो. निम्मी वाट चालत, निम्मी वडापनं. खिडकीवर सांगितलं, "गोळ्या शिल्लक नाहीत. अमेरिकेनं पैसे बंद केलेत, पेपर वाचत नाही का?" मामा गप माघारी फिरला. मीही फिरलो. खोटं कशाला सांगू, मला उत्तर येत नव्हतं. नंतर माहिती काढली, ती तुमच्यापुढं ठेवतो.

20 जानेवारी 2025 ला ट्रम्प अमेरिकेचे पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच दिवशी त्यांनी परदेशांना जाणारी मदत 90 दिवस थांबवायच्या हुकमावर सही केली. ही मदत वाटणारी त्यांची संस्था म्हणजे यूएसएड. पुढं 1 जुलैपासून तिचं कामच बंद केलं. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत एचआयव्हीची औषधं आणि नर्सांचे पगार याच पैशावर चालायचे. तिथं दवाखान्यांना कुलपं लागली. आपल्याकडं तृतीयपंथी लोकांसाठी हैदराबाद, कल्याण आणि पुण्यात मित्र क्लिनिक होती. तिथं त्यांना कुणी हिणवत नव्हतं. ती बंद पडली. त्या माणसांचा यात काय गुन्हा? एक सही तिकडं झाली, दार इकडं बंद झालं.

तेव्हा कुणाचंच नुकसान झालं नाही असं मी म्हणत नाही. परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थांत आपलीही पोरं काम करतात. त्यात 2020 साली आपल्याच सरकारनं कायदा बदलला. परदेशी पैसा घेणाऱ्या मोठ्या संस्थेला त्यातला पैसा लहान संस्थेला देता येत नाही. वाडीपर्यंत येणाऱ्या लहान संस्थांची वाट तेव्हाच आवळली होती.

पण मामाच्या गोळ्यांचं काय? साध्या टीबीच्या गोळ्या आपलं सरकार आपल्या तिजोरीतून घेतं. रेशन, अंगणवाडी, रोजगार हमी हेही अमेरिकेच्या पैशावर चालत नाही. तुम्ही काडीपेटी घेता, मीठमिरचीसोबत तेलाची पिशवी घेता, त्यावर कर भरता. तो पैसा आहे हा. आणि आठवण करून देतो, मार्च 2024 मध्येही टीबीच्या गोळ्यांची टंचाई झाली होती. केंद्रानं राज्यांना पत्र पाठवलं की तीन महिने तुमची तुम्ही खरेदी करा. तेव्हा अमेरिकेनं काही थांबवलं नव्हतं. खरेदी वेळेवर झाली नाही की गोळ्या संपतात. तेव्हा खिडकीवर कुणी अमेरिकेचं नाव सांगितलं, तर म्हणायचं, "साहेब, हेच कागदावर लिहून द्या."

आता जुनी गोष्ट. बांगलादेशच्या लढाईत, डिसेंबर 1971 मध्ये, अमेरिकेनं अशीच आपली मदत रोखली होती. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात 1972 चा दुष्काळ पडला. म्हाताऱ्या माणसांना विचारा, परदेशातनं आलेली लाल ज्वारी, ती मिलो, अजून त्यांच्या तोंडात आहे. लोक खडी फोडायला गेले, पण नुसते गप बसले नाहीत. मोर्चे काढले, "हाताला काम द्या" म्हणाले. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी 1965 मध्येच रोजगार हमीचा प्रयोग करून बघितला होता. ती योजना राज्यभर आली. पैसा कुठनं? 1975 मध्ये शहरातल्या कमावत्या लोकांवर व्यवसाय कर बसवला आणि तेवढीच भर सरकारनं घातली. 1977 मध्ये कायदा झाला. दुसऱ्यानं दिलेली ज्वारी त्याच्या मर्जीवर असते. कायद्यातलं काम मागून घेता येतं. मिळालं नाही तर भांडता येतं.

आपल्या जंगलाचंही तसंच आहे. 2006 चा वनहक्क कायदा ही कुणाची मदत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना द्यायचा अधिकारही ग्रामसभेकडं आला. त्या गावाला बांबू विकून आपलं काम चालवता येतं. फंड कुठला, कधी थांबेल, ही काळजी त्यांनी कमी करून घेतली.

आपल्याकडं अडचण जास्त आहे, ती झाकत नाही. जे अनुसूचित जमातीत नाहीत, त्या धनगरवाड्यांना 75 वर्षांचा, तीन पिढ्यांचा पुरावा मागतात. कागद कुणाकडं आहे? पण दावेदार सोडून गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही कायद्याच्या नियमात पुरावा धरलाय. आज्जा गेला की त्याच्यासंगं तो पुरावाही जातो. म्हणून सांगतो, हे काम आधी करा.

घरी गेल्यावर तीन गोष्टी करायच्या. पहिली, वनहक्क समितीनं या महिन्यात म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्यायचे, अंगठा-सही घ्यायची. दुसरी, दावा दिला की पोच घ्यायची. नामंजूर झाला तर कारण लेखी मागायचं आणि 60 दिवसांच्या आत वरच्या समितीकडं जायचं. तिसरी, वाडीत टीबीचं माणूस असेल तर त्याच्या गोळ्या आणि पोषणाचे महिन्याचे 1,000 रुपये मिळतात का, हे ग्रामसभेत विचारायचं.

मामाला मी पुढच्या आठवड्यात परत घेऊन गेलो. या खेपेला आम्ही अकरा जण होतो आणि अर्ज लिहून नेला होता. गोळ्या त्याच दिवशी मिळाल्या. मधले सात दिवस मात्र मामाचा डोस चुकला. ते सात दिवस कुणाच्या नावावर लिहायचे, हे मी अजून विचारतोय.

हे पत्रक तुमच्या वर्गणीच्या कागदावर छापलंय. वाचून झालं की शेजारच्या वाडीला द्या.

जिंदाबाद! जोहार!