वस्तीजवळचा कोल्हा आणि आपण



भातकापणी उरकली की कर्जत-खालापूरच्या माळांवर तिन्हीसांजेला कोल्हेकुई ऐकू येते. वाडवडिलांना तिचे विशेष वाटत नसे. आता नेरळपासून चौक-खोपोलीपर्यंत शेतघरे, बंगल्यांच्या वसाहती व कुक्कुटपालनाच्या शेड उभ्या राहिल्या आणि "कोल्हा दारात आला" अशी तक्रार होऊ लागली. खरे तर तो होता तिथेच आहे, दार त्याच्याजवळ गेले.

कोल्हा साधारण ८ ते ११ किलो वजनाचा असतो. उंदीर, घुशी, खेकडे, बोरे व मेलेली जनावरे यांवर तो गुजराण करतो. भाताचे बांध पोखरणारे उंदीर-खेकडे तो खातो, हा आपला लाभच. नुकसान होते ते मोकाट कोंबड्यांचे आणि लहान करडांचे.

शेडमधील मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकणे म्हणजे त्याला जेवणाचे आमंत्रण देणे. त्या रोजच्या रोज, विहिरीपासून दूर, उंचवट्यावर ३ ते ४ फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात. तो जमीन उकरून आत शिरतो, म्हणून खुराड्याची जाळी फूटभर जमिनीत गाडावी. करडे रात्री बंद गोठ्यात ठेवावीत. शेतघरी येणारी पाहुणेमंडळी मौजेखातर त्याला खाऊ घालतात, त्यांनाही समजवावे.

मेलेल्या कोंबडीत कीटकनाशक घालून ठेवण्याचा प्रकार कुणीही करू नये. त्यात आपलाच राखणीचा कुत्रा मरतो. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कोल्हा अनुसूची १ मध्ये आहे, त्यास मारणे गंभीर गुन्हा आहे.

खरी भीती रेबीजची. २०२४ साली मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बे भागातील कोल्ह्यांत हा रोग आढळला. कोल्हा दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेलाच, असे नाही. परंतु झोकांड्या खाणारा, लाळ गाळणारा किंवा अकारण अंगावर येणारा कोल्हा दिसल्यास दूर राहावे. चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठून लसीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. जखमेतून रक्त आले असल्यास इम्युनोग्लोब्युलिनही लागते. लक्षणे दिसू लागल्यावर उपाय चालत नाही. गाय-बैलास चावा झाल्यास पशुवैद्यकास लगेच बोलवावे व त्या गाईचे दूध कच्चे पिऊ नये. राखणीच्या कुत्र्यास दरवर्षी लस टोचावी.

बांधाच्या बिळात पिले आढळल्यास उचलून घरी आणू नयेत, मादी जवळपासच असते. जखमी वा पिसाळलेला कोल्हा दिसल्यास वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे.