वाटेवरचे अनोळखी यजमान
(ज्युबिली उत्सवानिमित्त तरुणमंडळापुढें केलेलें भाषण)



आपल्यांतील कित्येक तरुणांना उद्यां शिक्षणासाठीं वा पोटासाठीं दूरदेशीं एकटें जावें लागेल. म्हणून एका एकट्या प्रवाशाची खरी हकीकत आज आपणांपुढें ठेवावी, असें मीं योजिलें आहे. वाटेंत योगायोगानें भेटणारीं माणसें आपल्याला काय देतात आणि आपण त्यांचें काय देणें लागतों, एवढाच माझ्या बोलण्याचा विषय.

डिसेंबर १९३३ मध्यें पॅट्रिक ली फर्मर नांवाचा अठरा वर्षांचा इंग्रज तरुण लंडनहून निघाला. हॉलंडच्या किनाऱ्यावर उतरून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत युरोपखंड पायीं ओलांडावयाचें, असा त्याचा निश्चय होता. खर्चास आठवड्याला एक पौंड. रात्रीं कोठें निजावें याचा नेम नाहीं. त्या काळीं जर्मनींतील खेड्यांत एक जुनी रीत चालू होती. पायीं हिंडणाऱ्या विद्यार्थ्यानें गांवच्या मुख्याकडे जावें, त्यानें चिठ्ठी द्यावी, आणि ती दाखविली म्हणजे खानावळींत जेवण, बिछाना व सकाळची न्याहारी गांवच्या खर्चानें मिळावी. आतिथ्याची ही वृत्ति ख्रिस्ती युरोपांत फार जुनी. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचें ५३ वें प्रकरण पाहुण्यांविषयींच आहे; प्रत्येक अतिथीचा, विशेषतः गरिबांचा व यात्रेकरूंचा, ख्रिस्त समजून स्वीकार करावा, अशी त्यांत आज्ञा आहे.

हायडेलबर्ग शहरीं हा मुलगा बर्फानें माखलेला असा एका खानावळींत शिरला. ती चालविणाऱ्या कुटुंबानें त्याला घरच्या मुलासारखें ठेवून घेतलें, आणि १९३४ सालचा पहिला दिवस त्याला त्यांच्या घरीं उजाडला. पुढें म्यूनिक येथें त्याची पिशवी चोरीस गेली. पासपोर्ट, पैसे व रोजनिशी सर्व गेलें. तेव्हां पूर्वीं कधीं न पाहिलेल्या एका सरदार कुटुंबानें त्याला थारा दिला, नवें सामान दिलें, होरेस कवीचें सतराव्या शतकांत छापलेलें एक लहानसें पुस्तक दिलें, आणि पुढील वाटेवरील आपल्या स्नेह्यांना पत्रें लिहिलीं. व्हिएन्ना येथें पैसे संपले असतां धर्मार्थ आश्रमांतल्या शेजाऱ्यानें, घरोघरीं जाऊन लोकांचीं चित्रें काढून चार नाणीं मिळविण्याची युक्ति त्याला सांगितली. एकानें आपल्या वैभवांतून दिलें, दुसऱ्यानें दारिद्र्यांतून. प्रवाशाला दोन्ही तितकींच उपयोगी पडलीं.

परंतु एक भेट याहून निराळी आहे. ऱ्हाइन प्रांतांतील एका गांवीं एका तरुण कामगारानें त्याला आपल्या खोलींत निजावयास जागा दिली. खोलीच्या भिंती हिटलरच्या तसबिरींनीं व नाझी निशाणांनीं भरलेल्या होत्या. यजमान हंसून म्हणाला कीं, गेल्या वर्षीं येथें लाल निशाणें व लेनिनची तसबीर होती! या कामगाराचें आतिथ्य खरें होतें, आणि ज्या पक्षाला त्यानें मन वाहिलें तो पक्ष युरोपचा सत्यानाश करणारा होता, हेंही तितकेंच खरें. तरुणांनो, हें नीट ध्यानांत ठेवा. मीठभाकर देणाऱ्याचे उपकार स्मरावे. त्याचीं मतें मात्र विवेकानें पारखून घ्यावीं. प्रेमळ माणसाच्या मुखांतूनही विष मिळूं शकतें.

आतां देण्याविषयीं. हा तरुण सुमारें एका वर्षानें कॉन्स्टँटिनोपलला पोहोंचला. त्या प्रवासाचा त्याचा पहिला ग्रंथ १९७७ सालीं, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनीं निघाला. दरम्यान महायुद्ध होऊन गेलें होतें. १९४९ च्या मार्च महिन्यांत रोमेनियांतील जमीनदार कुटुंबांना एका रात्रींत घराबाहेर काढण्यांत आलें. ज्या वाड्यांतून त्याचें स्वागत झालें, त्यांचीं दारें यजमानांनाच बंद झालीं. परतफेड करावी म्हटलें तरी कोणाच्या दारीं जावें? त्यांची आठवण प्रेमानें लिहून ठेवणें, एवढेंच त्याच्या हातीं उरलें, व तें त्यानें केलें.

अनोळखी यजमानाचें ऋण बहुधा असेंच असतें. देणारा पुन्हां भेटत नाहीं. म्हणून तें पुढें येणाऱ्या परक्याला द्यावयाचें असतें. तुम्ही परदेशीं जाल, तेव्हां कोणी तुम्हांला वाट दाखवील, कोणी घोटभर चहा देईल. त्यांचीं नांवें स्मरणांत ठेवा. आणि जे येथेंच राहाल, त्यांच्या दाराशीं भाषा न जाणणारा, पोटासाठीं आलेला एखादा परका उभा राहील. त्याला आधीं पाणी द्या. कोण, कोठला, हें मागाहून विचारा.