चिंध्यांची टोपली आणि बालशिक्षण

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हांस ‘लहान मुलांचे घरातील शिक्षण’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही मॅट्रिक झालेले एक साधे प्राथमिक शिक्षक. चौतीस वर्षे खडू हाती धरला आणि निवृत्त झालो. विद्वत्तेचा दावा यत्किंचितही नाही. सबब मोठमोठी तत्त्वे सांगण्यापेक्षा एका टोपलीची हकिकत सांगावी, असे आम्ही योजिले आहे. ही समोर मेजावर ठेवलेली टोपली चिंध्यांची आहे. आपल्या शिंपी समाजाच्या व्यासपीठावर, शिक्षणाच्या व्याख्यानात, चिंध्यांची टोपली पाहून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठी पडली असेल. ती पडण्यास कारणही आहे, आणि त्याचा विचार आम्ही टाळणार नाही.

प्रथम विषयाची मर्यादा सांगतो. मुलास शाळेतून काढून घरीच शिकवावे, असे सांगण्यास आम्ही उभे राहिलेलो नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने मान्य झाला आहे. तो आपल्या आजा-पणज्यांच्या नशिबी नव्हता. तो कोणी सोडू नये. परंतु तीनपासून सात-आठ वर्षांपर्यंतचे मूल दिवसाचे बहुतेक तास घरातच काढते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा काळ एक सलग, पायाभूत टप्पा मानला आहे. या घरच्या तासांचे करावयाचे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्हांसही सहजासहजी सुचला नव्हता. तो गळ्यात पडला. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या. त्या जूनमध्ये आमच्या नातवाचे नाव पहिलीत दाखल झाले, पण वर्गाचे दार पुढे दीड वर्षाच्या आसपास उघडले नाही. मोबाईलच्या पडद्यावर बाई बोलत आणि मूल पंख्याकडे पाहत बसे. बाईंचा त्यात दोष नव्हता. मग आम्ही आमचा चौतीस वर्षांचा अनुभव बाहेर काढला: पाटी, बाराखडी, पाढे, रोज सकाळी सलग दोन तास. चौथ्या दिवशी विद्यार्थी पळाला. घरातला विद्यार्थी पळून जाणार कोठे? तो पलंगाखाली गेला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बाहेर आला नाही.

त्याच सुमारास आमच्या सौभाग्यवतींनी गोधडी घालण्यास घेतली होती. नातू पलंगाखालून निघाला तो थेट त्यांच्या चिंध्यांच्या ढिगाशी जाऊन बसला, आणि डब्यातल्या गुंड्या काढून रांगा लावू लागला. कोणी न सांगता त्याने दोन छिद्रांच्या गुंड्या एका बाजूस व चार छिद्रांच्या दुसऱ्या बाजूस केल्या. हे पाहून आम्हांस आनंद व्हावयास हवा होता. पण प्रथम आठवण झाली ती एका जुन्या गोष्टीची. पुष्कळ वर्षांपूर्वी तिसरीच्या वर्गात एक मुलगा गणिताच्या तासाला खिशातल्या गुंड्यांशी खेळत होता. वजाबाकीत तो कच्चा होता. आम्ही त्याच्या गुंड्या घेऊन खिडकीबाहेर फेकल्या आणि त्याला तासभर उभे केले. त्याच गुंड्या त्याच्यापुढे मांडून वजाबाकी शिकविता आली असती, हे आम्हांस त्या दिवशी सुचले नाही. ते सुचावयास निवृत्त व्हावे लागले.

मग आम्ही ठरविले की पंधरा दिवस घरात ‘कापड’ हा एकच विषय घ्यावयाचा, आणि जे काही शिकवावयाचे ते होता होईल तो त्याच्या भोवती आणावयाचे.

पहिले दोन दिवस केवळ निवडण्यात गेले. आधी रंगाने, मग डोळे बांधून हाताच्या स्पर्शाने: सुती, लोकरी, रेशमी, टेरिकॉट. मऊ, खरखरीत, गुळगुळीत, जाड, विरविरीत हे शब्द तोंडी आले ते वस्तू हातात असताना आले, आणि मग आम्ही ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्या त्या ढिगावर ठेविले. तिसऱ्या दिवशी सुती तुकड्याचे धागे एकेक ओढून काढले, तेव्हा उभे कोणते व आडवे कोणते हे दिसले. तुकडा उभा ओढला तर ताणत नाही, आडवा ओढला तरी फारसा नाही, पण कोपऱ्याकडून तिरपा ओढला की लांबतो. यालाच आपले कारागीर ‘उरेब’ म्हणतात. गळ्याच्या पट्टीस उरेब कापड का लावतात, हे आम्ही दुकानात वडिलांच्या पायाशी बसून वाढलो तरी त्यांना कधी विचारले नव्हते. ते नातवाने आम्हांस विचारले. उत्तर त्यानेच मापाच्या एका जुन्या बाहुलीच्या गळ्याभोवती दोन्ही पट्ट्या वळवून शोधले.

मोजमापाचा दिवस तर भांडणाचा झाला. मेजाची लांबी नातवाच्या दहा विती भरली आणि आमच्या सहा. आजोबांनी लबाडी केली, असा त्याचा स्पष्ट आरोप होता. मग दोघांनी आपापले हात एकमेकांस लावून पाहिले, आणि सर्वांना सारखे माप का हवे हे कोणी न सांगता कळले. टेप हाती आली ती त्यानंतर. दोन वितींचा हात आणि दोन हातांचा वार हा आमच्या वडिलांचा हिशेब. १९५६ च्या कायद्याने मीटर आले, तरी टेपची एक बाजू आजही इंचांची आहे, हेही ओघाने सांगितले. एका सदऱ्यास पाच गुंड्या धरल्या तर तेवीस गुंड्यांत किती सदरे होतील? चार सदरे झाले आणि तीन गुंड्या उरल्या. भागाकार हा शब्द उच्चारलाही नाही.

दोन ओले रुमाल, एक सुती व एक टेरिकॉट, दोरीवर वाळत घालून घड्याळाचा मोठा काटा बारावर आला की हात लावून पाहावयाचे, हा एक खेळ. हळदीत रंगविलेल्या फडक्यावर साबणाचे पाणी टाकले की ते तांबूस होते आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळे, हा दुसरा. हा दुसरा खेळ त्याने इतक्यांदा केला की घरातली लिंबे संपली.

पुढे नोव्हेंबरात विदर्भातील आप्तांनी बोंडांसकट कापूस पाठविला. नातवाने सरकी काढावयास घेतली. अर्धा तास खपल्यावर रुईचा जो ढीग झाला तो त्याच्या मुठीत मावला. येथे एक जुनी हकिकत सांगण्याचा मोह आवरत नाही. अमेरिकेत शिकागो येथे जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये एक प्रायोगिक शाळा काढली. तेथील मुलांना त्यांनी कच्चा कापूस, लोकर व जवस हाताळावयास दिली होती. त्यातल्या मुलांनाही अर्ध्या तासाच्या श्रमाने एक औंससुद्धा रुई मिळाली नाही, आणि लोकरीचे कापड आधी व सुती कापड मागाहून का पसरले असावे याचे कारण त्यांनी आपल्या दुखऱ्या बोटांवरून ताडले. सव्वाशे वर्षांनी आमच्या ओसरीवर तेच घडले. त्यानंतर आजीने वात वळून दाखविली. पीळ न दिलेला कापूस ओढताच तुटतो आणि पीळ दिलेला धरून राहतो, हे एकदा बोटांस कळले की सूत म्हणजे काय ते निराळे समजावून सांगावे लागत नाही.

यात नवे काहीच नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत महात्माजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची योजना मांडली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. टकळीवर सूत कातता कातता गणित, भूगोल व भाषा शिकण्याच्या त्या पद्धतीस समवाय म्हणत. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या ताराबाई मोडक यांनी बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साथीने, आदिवासी मुलांसाठी परदेशी धर्तीची महागडी साधने बाजूस सारून पाने, बिया, शिंपले, खडे हीच साधने केली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली.

परंतु आमचे सर्वच प्रयोग सफल झाले, असे कोणी समजू नये. समवायाचा एक रोग आहे, तो म्हणजे ओढाताण. आम्ही अक्षरेही कापडातूनच शिकवावयास निघालो. ‘स’ सुईचा, ‘क’ कात्रीचा, ‘ग’ गुंडीचा, येथवर ठीक चालले. पण ‘ज्ञ’ ला कापड कोठून आणावे? काही अक्षरे बिचारी आठ-आठ दिवस ताटकळत राहिली. खादीच्या तुकड्यावरून आम्ही स्वातंत्र्याची सगळी चळवळ सांगावयास घेतली, तेव्हा नातू चिंध्यांवरच झोपी गेला. शेवटी शहाणपण आले. वाचन आणि पाढे यांना रोज सकाळी वीस-वीस मिनिटे स्वतंत्र दिली, कारण ती नियमित सरावाची विद्या आहे, टोपलीतून आपोआप निघत नाही. हल्ली काही ठिकाणी पाठांतरास नावे ठेवण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही.

आता त्या कपाळावरच्या आठीकडे वळतो. ती आठी प्रथम आमच्याच घरात पडली. आमचे चिरंजीव इंजिनियर आहेत; त्या काळात घरूनच काम करीत. मुलाच्या हातात सुई पाहून ते एके दिवशी आतल्या खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, “अण्णा, आजोबांनी दुसरे मशीन विकून तुम्हांला तालुक्याला शिकायला ठेवले. ते काय त्यांच्या पणतूने पुन्हा सुई धरावी म्हणून?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. दोन दिवस टोपली माळ्यावर होती. तालुक्याच्या शाळेत सुईने टोचलेली बोटे आम्ही मुठीत लपवून बसत असू, हे चिरंजीवांस आम्ही कधी सांगितले नव्हते. पण त्यांनी बोट नेमके तेथेच ठेविले. आणि त्यांच्या म्हणण्यास इतिहासाचाही आधार आहे. १९५३ मध्ये मद्रास प्रांतात राजाजींच्या सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळा दिवसाकाठी तीन तासांवर आणल्या, आणि उरलेल्या वेळी मुलांनी घरी वडिलांचा धंदा शिकावा अशी योजना केली. लोकांनी तिला कुलशिक्षण योजना म्हटले. न्हाव्याच्या मुलाने न्हावीच राहावे आणि कुंभाराच्या मुलाने कुंभारच, असा तिचा अर्थ लागला व प्रचंड विरोध झाला. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि ती योजना रद्द झाली. रद्द झाली ते योग्यच झाले, असे आमचे मत आहे. आपल्यासारख्या कारागीर जातींनी पुस्तकाचा हक्क मोठ्या कष्टाने मिळविला आहे. तो हिरावून घेणारी सुई, ती कितीही थोर पुरुषाने दिली, तरी नको.

तिसऱ्या दिवशी आम्ही चिरंजीवांशी सविस्तर बोललो. कापड निवडले ते आपण शिंपी म्हणून नव्हे, चिंध्या घरात होत्या म्हणून. पुढची टोपली मातीची राहील, नंतरची भाकरीची, मग पावसाची. ज्याच्या घरी चाक आहे त्या मुलाने कापड उसवावे आणि आपल्याने मडके घडवावे. मुलाने केलेली वस्तू दुकानाच्या वा घरच्या कमाईच्या कामी यावयाची नाही. त्याच्याबरोबर येऊन बसणारी शेजारची मुलगी सुई धरील तेव्हा आपला मुलगाही धरील, आणि मोजमापाच्या वेळी टेप दोघांच्या हाती राहील. चिरंजीवांनी ऐकून घेतले. त्यांनी अट घातली की मशीनवर मुलास बसवावयाचे नाही, आणि वाचनाचा वेळ एक दिवसही चुकवावयाचा नाही. आम्ही ती मान्य केली. त्यांचे समाधान पूर्ण झाले असे मात्र म्हणवत नाही. आजही टोपली दिसली की ते वाचनाची चौकशी करतात. ते बरेच आहे.

मातीची टोपली पावसाळ्यात फसली, मडकी वाळेनात. भाकरीची उत्तम झाली. शाळा उघडली तेव्हा नातू हिशेबात पुढे, वाचनात इतरांएवढाच, आणि हस्ताक्षरात सर्वांच्या मागे होता. अक्षर अद्यापि वाईट आहे.

ज्या माता-भगिनींस हे करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे बोलतो. तीन वर्षांच्या आतील मुलाच्या हाती गुंड्या देऊ नयेत, ती तोंडात घालतात. सुई पाच वर्षांनंतर, तीही बोथट व मोठ्या नेढ्याची, गोणपाटावर धावदोरा घालण्यापुरती. काम संपले की सुया मोजून घ्याव्यात. दिवसाला पाऊण तास पुरे. मूल रमले असता बंद करावे, कंटाळण्याची वाट पाहू नये. एक विषय पंधरा दिवसांहून लांबवू नये. आमचा लांबला तो विदर्भातून कापूस उशिरा आला म्हणून. मुलाने विचारलेला प्रश्न एका वहीत त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावा. आमच्या वहीत असे एकशे बारा प्रश्न आहेत, त्यांतल्या निम्म्यांची उत्तरे आम्हांस शोधावी लागली.

समाजातील काही दुकानदार बंधूंनी आजच्यासाठी कापडाचे तुकडे व गुंड्या दिल्या, त्यांतून अकरा टोपल्या भरल्या आहेत. सभा आटोपल्यावर ज्यांना हव्या असतील त्यांनी नाव नोंदवून न्याव्यात. तुकडे व गुंड्या परत करण्याची आवश्यकता नाही. बोथट टोकाच्या कात्र्या मात्र मोजून अकराच आहेत. त्या पुढील सभेस आठवणीने परत आणाव्यात, म्हणजे दुसऱ्या घरांस देता येतील.