मुंबई ते लंडन : अंतर आणि वेळ



आमच्या खडकींतील पुष्कळ घरांतलीं मुलें आज परदेशीं आहेत. त्यामुळें ‘लंडन किती लांब?’ हा प्रश्न आतां केवळ भूगोलाच्या तासाचा राहिलेला नाहीं.

प्रथम अंतर पाहूं. तें भिंतीवरील सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजूं नये. पृथ्वीचा गोल घ्यावा आणि मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरावा. तो दोरा वायव्येस जातो व त्याची लांबी सुमारें ७,२०० किलोमीटर भरते. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून लंडनला प्रथम निघालें, तें कैरो व जिनीव्हा येथें थांबत गेलें. तो मार्ग सुमारें ७,९०० किलोमीटरांचा होतो. म्हणजे अंतर सातशेंच किलोमीटरांनीं कमी झालें. वेळ वांचला तो मुख्यतः वेग वाढल्यामुळें व मधले थांबे गेल्यामुळें. आज विमान मध्यें न उतरतां नऊ-दहा तासांत पोहोंचतें.

परंतु गोलावरील जवळचा मार्ग आकाशांत मोकळा असेलच असें नाहीं. एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्ताननें आपलें आकाश भारतीय विमानांस बंद केलें, तेव्हां उत्तर भारतांतून पश्चिमेस जाणाऱ्या विमानांस वळसा घ्यावा लागला. शिवाय त्या उंचीवर वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणून जातांना वेळ अधिक लागतो, येतांना कमी.

आतां घड्याळ. लंडनचें घड्याळ आपल्यामागें हिंवाळ्यांत साडेपांच तास असतें, उन्हाळ्यांत साडेचार. हिंवाळ्यांत मुंबईहून दुपारीं बाराला सुटलेलें विमान दहा तासांनीं उतरलें, तर तेथें सायंकाळचे साडेचार वाजलेले असतात. येथें मात्र रात्रीचे दहा. उलट, लंडनहून सकाळीं दहाला निघून नऊ तासांत आलेला मनुष्य मुंबईस मध्यरात्रीनंतर साडेबाराला उतरेल. तिकिटावरील वेळांची नुसती वजाबाकी केली, तर पहिला प्रवास साडेचार तासांचा व दुसरा साडेचौदा तासांचा वाटेल! म्हणून दोन्ही वेळा एकाच घड्याळावर आणून मग वजाबाकी करावी.

हा हिशेब नेहमींच सवडीनें करावयाचा नसतो. घरांत वडील माणूस अत्यवस्थ असतें, मुलगा लंडनला असतो, आणि शेजारी म्हणतात, ‘विमानानें नऊ तासांत येईल.’ पण ते नऊ तास केवळ आकाशांतले. घरापासून विमानतळापर्यंत दीड तास, सुटण्यापूर्वीं तीन तास, उतरल्यावर तपासणी व सामान यांस दीड तास, आणि मुंबईहून घाट चढून खडकीस येण्यास चार तास धरले, तर बेरीज एकोणीस होते. शिवाय तिकीट त्याच दिवशींचें मिळालें पाहिजे. म्हणून डॉक्टरांनीं पहिली सूचना देतांच मुलास कळवावें, अखेरच्या घटकेची वाट पाहूं नये. अंत्यविधीसाठीं थांबावयाचें झाल्यास किमान वीस तास धरून चालावें.

आपापल्या मुलाबाळांच्या गांवाचा असा हिशेब प्रत्येक घरानें आधींच एका कागदावर मांडून ठेवावा, एवढीच माझी विनंति आहे.