उलट धक्क्याचे गणित

श्रोतेहो, मोबाइलवरील युद्धाच्या खेळांत रमलेल्या एखाद्या मुलाला विचारून पाहा की, बंदूक चालवण्यातील अवघड गोष्ट कोणती? तो नेम म्हणणार नाही. तो ‘रिकॉइल’ म्हणेल. गोळी सुटताच पडद्यावरील बंदूक वर उसळते आणि बोटाने ती खाली ओढून धरावी लागते. सुरतेच्या उधना-लिंबायत भागांतील मराठी मुलांच्या तोंडीही हा शब्द आता रुळला आहे. हा उलट धक्का पडद्यावर निर्माण कसा करतात आणि त्यात खरे किती असते, याचा आज थोडा विचार करू.

मूळ नियम न्यूटनचा. साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला 840 मीटर वेगाने पुढे जाते, तेव्हा तिचा संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, सुमारे 8 येतो. तेवढाच संवेग उलट दिशेने बंदुकीच्या वाट्यास येतो. बंदूक 4 किलोची असल्यास ती सेकंदाला 2 मीटर वेगाने मागे येऊ पाहते. नळीतून सुटणारा वायू त्यात आणखी भर घालतो. शिवाय नळीची रेषा खांद्यावरील आधाराच्या किंचित वर असल्यामुळे बंदूक सरळ मागे न येता तिचे तोंड वर उचलले जाते.

खेळ रचणारा हे सारे कोनांच्या भाषेत मांडतो. प्रत्येक गोळीमागे नेम थोडा वर आणि किंचित बाजूला ढळवायचा, मग ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे तो मूळ जागी आणायचा. ढळण्याची दिशा फाशांप्रमाणे यदृच्छेवर सोडली, तर खेळाडूचे कौशल्य वाया जाते. ती ठरावीक ठेवली, तर पाढ्यांसारखी पाठ होते. ‘काउंटर-स्ट्राइक’ या प्रसिद्ध खेळात बंदुकांची अशी वळणे खेळाडू तासन्‌तास घोकतात. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने 2024 साली ‘इंडस’ नावाचा नेमबाजीचा खेळ प्रसिद्ध केला. म्हणजे ही विद्या आता आपल्याही घरची झाली आहे.

हे गणित खोटे नव्हे. उणीव एकच आहे. पडद्यावरील धक्का कोणाच्याही अंगावर येत नाही.

तो अंगावर येतो तेव्हा काय करावे लागते, हे पाहावयास सुरतेहून फार दूर जावे लागत नाही. जवळच हजीरा येथे लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात ‘के-9 वज्र’ तोफा तयार होतात. 2017 साली ठरलेल्या 100 तोफांपैकी शेवटची फेब्रुवारी 2021 मध्ये सैन्याच्या हवाली झाली. या तोफेचा सुमारे 45 किलोचा गोळा सेकंदाला 900 मीटरच्या आसपास वेग घेऊ शकतो. म्हणजे संवेग रायफलीच्या गोळीच्या सुमारे पाच हजार पट! तो जिरवण्यासाठी नळी आपल्या पाळण्यावर मागे सरकते, तेल अरुंद छिद्रांतून दाबले जाते आणि दाबलेला वायू नळीला पुन्हा पुढे लोटतो. क्षणार्धाचा तडाखा असा थोड्या अधिक काळात वाटला गेला की, त्याचा जोर सौम्य होतो. इतके करूनही उरलेला भार पेलण्यास खाली सुमारे 47 टनांचे धूड लागते.

श्रोतेहो, मुलांच्या हातून मोबाइल हिसकावून घ्यावा, असे मी सुचवीत नाही. ज्या मुलाने उसळत्या बंदुकीचे वळण पाठ केले, त्याला न्यूटनचा तिसरा नियम शिकवणे शिक्षकास सोपेच जाते. परंतु ‘मला बंदूक चालवता येते’ असे तो म्हणू लागला, तर त्याच्या हाती वही द्यावी आणि विचारावे, ‘बाळ, मागे आलेले ते 8 कोणी झेलले?’ पडद्यावर त्याचे उत्तर ‘कोणीच नाही’ असे आहे. सीमेवरच्या जवानाच्या बाबतीत उत्तर ‘त्याच्या खांद्याने’ असे आहे, आणि तेही प्रत्येक गोळीमागे. या दोन उत्तरांतील अंतर ज्या मुलास उमगले, तो खेळ खेळेल. पण शस्त्राला खेळणे समजणार नाही.