होर्मुझची सामुद्रधुनी आणि तेलाचा भाव

(नवी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर भरलेल्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

ज्या रस्त्यावर हा अभ्यासवर्ग भरला आहे, त्याचे जुने नाव कर्झन रोड. आज त्याला कस्तुरबा गांधींचे नाव आहे आणि २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदनही याच रस्त्यावर उभे आहे. पण आजच्या विषयाचा धागा त्या जुन्या नावाशी जुळतो. नोव्हेंबर १९०३ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन युद्धनौकांसह इराणच्या आखातात गेला आणि शारजाच्या किनाऱ्यासमोर जहाजावरच दरबार भरवून त्याने तेथील शेखांना ब्रिटिश वर्चस्वाची जाणीव करून दिली. इराणात तेल सापडले ते त्यानंतर पाच वर्षांनी, १९०८ साली. म्हणजे आखातावरचा पहारा तेलाच्या आधीचा आहे. तो बसवला गेला हिंदुस्थानच्या सागरी मार्गासाठी. १९१४ साली ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेतले आणि मार्गावरची चौकी तेलावरची चौकी झाली.

या आखाताचे तोंड म्हणजे होर्मुझची सामुद्रधुनी. एका बाजूस इराण, दुसऱ्या बाजूस ओमानचे मुसंदम टोक. सर्वांत अरुंद जागी अंतर ४० किलोमीटरांहूनही कमी. त्यात जाणाऱ्या व येणाऱ्या जहाजांना नेमून दिलेला पट्टा प्रत्येकी तीन-साडेतीन किलोमीटरांचा. २०२४ साली या वाटेने दररोज सुमारे २ कोटी बॅरल तेल गेले. जगाच्या एकूण वापराचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा होय. सौदी अरेबियाची तांबड्या समुद्रावरील यांबू बंदराकडे जाणारी नळवाहिनी आणि अमिरातीची फुजैराकडे जाणारी नळवाहिनी मिळूनही या सगळ्या तेलाला वाट करून देऊ शकत नाहीत.

येथे संघर्ष पेटला की तेलाचे भाव चढतात, हे सर्वांना ठाऊक आहे. ते का चढतात, हा खरा प्रश्न आहे. तेल कमी पडते म्हणून, असे सरळ उत्तर दिले जाते. पण इतिहासाची साक्ष वेगळी आहे.

१९७९ साली इराणात क्रांती झाली. जगाच्या बाजारातून प्रत्यक्षात घटले ते चार-पाच टक्के तेल. भाव मात्र दुपटीहून अधिक वाढला, कारण कंपन्या आणि सरकारे धास्तीने साठे करू लागली. याउलट १९८४ ते १९८८ या काळात, इराण-इराक युद्धात, आखातात चारशेहून अधिक व्यापारी जहाजांवर हल्ले झाले, शेकडो खलाशी दगावले. आणि याच काळात, १९८६ साली, तेलाचा भाव बॅरलमागे १० डॉलरच्या आसपास कोसळला! सौदी अरेबियाने उत्पादन वाढवून बाजारात तेल ओतले होते. ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण होताच भाव दोन-तीन महिन्यांत १७-१८ डॉलरवरून ४० च्या घरात गेला. पण १७ जानेवारी १९९१ रोजी बाँबवर्षाव सुरू झाला, त्या एका दिवसात तो सुमारे १० डॉलरनी उतरला. जून २०२५ मध्ये इस्रायलने इराणवर हल्ला करताच भाव ७० डॉलरच्या खालून ८० च्या जवळ गेला आणि बारा दिवसांनी शस्त्रसंधी होताच पुन्हा खाली आला.

याचा अर्थ असा की, बाजार आज बुडालेल्या तेलाची किंमत लावत नाही. उद्या बुडेल या भीतीची लावतो. ही भीती तीन वाटांनी भावात उतरते. पहिली विम्याची : धोक्याच्या पाण्यात शिरणाऱ्या जहाजाचा युद्धविम्याचा हप्ता एकही गोळी न लागता वाढतो. दुसरी भाड्याची : नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, तेव्हा असंख्य जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि युरोपच्या प्रवासात दहा ते चौदा दिवसांची भर पडली. तिसरी वायद्याची : ज्याला तेल जाळायचेही नाही आणि साठवायचेही नाही, असा सटोडियाही भीतीची खरेदी-विक्री करतो.

आपल्या देशाने याची झळ १९९०-९१ मध्ये सोसली. कुवेत व इराकचे तेल तुटले, आयातीचे बिल फुगले. कुवेतमधून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना परतावे लागले आणि त्यांच्या कमाईवर जगणारी केरळातील, कोकणातील घरे एका आठवड्यात उघडी पडली. वित्तीय तूट आणि अल्पमुदतीची परदेशी कर्जे ही दुखणी आधीचीच होती. तेलाने त्यांवर घाव घातला. परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून मुंबईहून विमानाने परदेशी गेले.

आता मुंबईचेच दुसरे उदाहरण पाहावे. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर ‘सागर सम्राट’ने तेल शोधले, १९७६ साली उत्पादन सुरू झाले. ते तेल समुद्राखालच्या नळाने उरणला येते आणि पुढे तुर्भ्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत जाते. हे कारखाने पूर्वी एस्सो आणि बर्मा-शेल यांचे होते. १९६० साली स्वस्त सोव्हिएत तेल शुद्ध करण्यास परदेशी कंपन्यांनी नकार दिला होता. १९७४ ते १९७६ या काळात या दोन्ही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. देशी समुद्र, देशी कामगार, देशी कारखाना. या तेलाच्या वाटेत होर्मुझ नाही, इराण नाही, युद्धनौका नाहीत. तरीही एप्रिल २००२ पासून त्याचा भाव आंतरराष्ट्रीय बाजाराशी बांधलेला आहे. आखातात गोळी सुटली की उरणचे तेल महागते, त्याचा उत्पादनखर्च एक पैशाने वाढलेला नसला तरी!

हा वरकड नफा आहे, हे शासनानेही अप्रत्यक्षपणे मान्य केले. जुलै २०२२ मध्ये देशी कच्च्या तेलावर खास कर बसवला गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द झाला. परंतु तो पैसा तिजोरीत गेला. पंपावरच्या ग्राहकाकडे आला नाही. उलट मे २०२० मध्ये जगात तेल मातीमोल झाले, तेव्हा केंद्राने उत्पादनशुल्क पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवले. चढता भाव जनतेच्या माथी आणि उतरता भाव तिजोरीत, असा हा न्याय!

किंमत कोण मोजतो, ते याच रस्त्यावर दिसते. येथून धावणारी रिक्षा सीएनजीवर चालते. २००४ पासून कतारचा द्रवरूप वायू होर्मुझ ओलांडून गुजरातेत दहेजला येऊ लागला आणि तेथून नळाने उत्तरेकडे. घरगुती सिलिंडरचा निम्म्याहून अधिक वायू आयातीचा, तोही बहुतांश आखाती. आणि सर्वांत मोठी किंमत मोजतो खलाशी. जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात ‘मर्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजाला क्षेपणास्त्राने आग लागली, तेव्हा त्यावर २२ भारतीय होते. आपल्या नौदलाच्या मदतीने आग विझली. वायदेबाजाराच्या फलकावर त्यांच्या जिवाचा आकडा नव्हता.

तेव्हा कॉम्रेड्स, आखातात शांतता हवी, ही मागणी परराष्ट्र धोरणापुरती नाही. ती चुलीची मागणी आहे. पण केवळ शांततेची वाट पाहत बसणे पुरेसे नाही. विशाखापट्टणम, मंगळुरू व पाडूर येथील राखीव साठ्यांची क्षमता ५३.३ लाख टन, म्हणजे सरकारी हिशेबाने साडेनऊ दिवसांची. ती वाढली पाहिजे. देशी तेलाला उत्पादनखर्च, रास्त नफा आणि नव्या शोधासाठी निधी मिळावा. परक्या भीतीचा भाव नव्हे. धोक्याच्या पाण्यात जाण्यास नकार देण्याचा खलाशाचा हक्क सुरक्षित राहावा. सामुद्रधुनी निसर्गाने अरुंद केली आहे, ती रुंद करता येणार नाही. उरणच्या तेलाला होर्मुझचा भाव मात्र माणसांनी लावला आहे, आणि तो माणसांना बदलता येतो.